अँटिमनीची साय

मी रिपोर्टवर सही केली, शिक्का मारला आणि कागद पुढे सरकवला. जावईसाहेबांनी तो एकदा वाचला, पुन्हा वाचला आणि टेबलावर अशी थाप मारली की माझ्या ब्युरेटचा स्टँड डुगडुगला.

“सापडला चोर!”

मी विचारलं, “कोण?”

“अहो, तुम्हीच तर लिहून दिलंय, बाई.”

मी लिहून दिलं होतं ते एवढंच, की सॅम्पलमध्ये अँटिमनी शेकडा तेरा आहे. त्यात चोर कुठे बसलाय हे मला काही दिसेना. पण जावईसाहेबांची नजर तीक्ष्ण. आकड्याच्या मागे लपलेली माणसं त्यांना बरोबर दिसायची. समोर ढळढळीत दिसणाऱ्या गोष्टी तेवढ्या दिसायच्या नाहीत.

आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते. मी नाशिकला सातपूरच्या एका छोट्या टेस्टिंग लॅबोरेटरीत केमिस्ट होते. एमएस्सी, फर्स्ट क्लास. लॅबमध्ये आम्ही तिघंच: मालक आणि बॉस असे टिळेसर, मी, आणि काचसामान धुणाऱ्या सखूबाई. बाहेरून येणारे लोक टिळेसर नसले की सखूबाईंना नमस्कार करून रिपोर्ट मागायचे आणि मला पाणी आणायला सांगायचे. मी पाणी आणून द्यायचे आणि मग त्यांचं सॅम्पल नापास झाल्याचंही सांगायचे.

जावईसाहेब म्हणजे नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका टाइप फाउंड्रीच्या मालकांचे जावई. मालकांना सगळे नाना म्हणत. नानांना मुलगा नव्हता, म्हणून जावई वर्क्स मॅनेजर झाले. त्याआधी ते पुण्याला बिस्किटांच्या कारखान्यात होते. बिस्किटं भट्टीत भाजतात, धातूही भट्टीत वितळवतात, म्हणजे अनुभव होताच.

टाइप फाउंड्री आता कुणी पाहिलेली नसते, म्हणून सांगते. तेव्हा छापखान्यात एकेक अक्षर हाताने जुळवायचे. प्रत्येक अक्षर म्हणजे धातूचा बोटाच्या पेराएवढा चौकोनी दांडा, टोकाला उलटं अक्षर. त्याला म्हणायचे खिळा. हे खिळे ओतायचा कारखाना म्हणजे टाइप फाउंड्री. धातूत शिसं सगळ्यात जास्त, थोडं कथील, आणि शंभरात चोवीस भाग अँटिमनी.

आता हे अँटिमनी काय प्रकरण आहे? चांदीसारखं चमकणारं, पण स्वभावाने अगदी ठिसूळ. हातोडी मारली की खडीसाखरेसारखा चुरा होतो. नुसत्या अँटिमनीचा काही म्हणता काही उपयोग नाही. पण शिशात घातलं की मऊ शिशाला कणखर करतं. बॅटरीच्या प्लेटा त्याच्या जोरावर सरळ उभ्या राहतात. बेअरिंगमध्ये ते असतं, बंदुकीच्या छऱ्यात असतं. काडेपेटीची काडी ज्या पट्टीवर ओढतात त्या पट्टीत त्याचं संयुग असतं. काळ्या आजाराच्या इंजेक्शनातसुद्धा असायचं. आणि खिळेवाल्यांसाठी खास गुण म्हणजे, बाकीचे धातू थंड होताना आकसतात, हे थिजताना किंचित फुगतं. त्यामुळे साच्याच्या कानाकोपऱ्यात धातू भरून राहतो आणि अक्षराची कड धारदार येते. आपल्या अक्षरांना वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार. एवढी नाजूक कलाकुसर मऊ धातूत टिकत नाही.

आपल्या देशात त्याचा खनिज दगड सापडतो, पण थोडा, आणि तोही हिमालयात अडचणीच्या जागी. म्हणून माल परदेशातून यायचा, लायसन्सवर. लायसन्स म्हणजे काय हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. फाउंड्रीत अँटिमनीच्या विटा कुलपात असत. रोज सकाळी भट्टीवरचे पुंजाजी मिस्त्री सही करून विटा घ्यायचे, फोडून कढईतल्या शिशात घालायचे.

आणि मनमाडच्या एका छापखान्याने नव्या खिळ्यांची अख्खी पेटी परत पाठवली होती. एका लग्नपत्रिकेच्या पाचशे प्रती छापून होईपर्यंत नवऱ्यामुलाच्या नावावरचा रफार चेपून गेला होता. मुलीकडच्यांनी पत्रिका घ्यायला नकार दिला. ते खिळे तपासायला माझ्याकडे आले, आणि निघालं तेरा.

“साधं गणित आहे,” जावईसाहेब म्हणाले. “विटा कुलपातून निघतात. खिळ्यात पोचत नाहीत. मध्ये एकच माणूस. पुंजाजी.”

“पण तो त्या विटांचं करणार काय?”

“सुरमा! भद्रकालीच्या बाजारात सुरमा विकतात की नाही? अँटिमनीचाच असतो. मी वाचलंय.”

मी म्हटलं, “साहेब, सुरम्याचा म्हणून जो दगड सांगतात ते अँटिमनी आणि गंधकाचं संयुग. ही वीट म्हणजे नुसता धातू. आणि बाजारातला सुरमा बहुतेक वेळा शिशाच्याच दगडाचा निघतो. तुमच्या विटा घेऊन सुरमेवाला काय करेल, उशाला घेईल?”

“तुम्ही केमिस्ट आहात, बाई. माणसं मी ओळखतो.”

त्यांनी रिपोर्टची घडी करून खिशात घातली. जाता जाता सांगितलं की मिस्त्रीला सस्पेंड केलंच आहे, सोमवारी सकाळी पोलिसात लेखी तक्रार, सोबत माझा रिपोर्ट. दिवस शनिवारचा होता.

खरं सांगते, तेव्हा मला फारसं काही वाटलं नाही. आकडा बरोबर होता. दोनदा तपासला होता. पुढचं ज्याचं त्याने बघावं, अशा थाटात मी चहा प्यायले.

दुपारी पुंजाजी मिस्त्री स्वतःच लॅबमध्ये आले. साठीकडे झुकलेले, काळेसावळे, मूळचे घोटीकडचे. हातावर जागोजाग भाजल्याचे जुने डाग. सखूबाईंना नमस्कार न करता थेट माझ्यासमोर उभे राहिले, तिथेच माणूस हुशार आहे हे मला कळायला हवं होतं.

“बाई, तुमीच ना ती तपासणी करनाऱ्या?”

“मिस्त्री, रिपोर्ट बदलून मिळत नाही,” मी आधीच सांगून टाकलं. असे लोक येत असत.

“बदलाया कोन आलंय? साहेबांनी कागुद दावला, तेरा लिवलंय ते खरंच आसंल. खिळा हातात घेतला की मलाबी कळतं, ह्यो मऊ हाय. मी इचारतो ते येगळं. बाकीचं गेलं कुठं?”

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. फर्स्ट क्लास माझा होता.

त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. राखाडी, रवाळ ढेकूळ. “ही साय बघा. गेटावर झडती सुरू व्हायच्या आदीच दाखवाया म्हून घरी नेऊन ठेवली हुती. बावीस वर्सं कढई सांभाळली, आसली साय कधी आली नाय. साहेबांनी नवा नियम केला तवापासून दुधावानी येती. दर अर्ध्या तासाला काडायची आन ड्रममधी टाकायची. मी म्हनलं साहेबांना, ह्ये मळ नाय, जड वाटतंय. तर म्हनले, तुला काय कळतंय?”

“नवा नियम कुठला?”

“आच कमी केली. आन कढई आरशावानी दिसली पायजे.”

मग त्यांचा आवाज बदलला. “आठ दिस झालं, गेटावर सगळ्यांच्या म्होरं माझा डबा उघडून बघितला. भाकर मोडून बघितली, बाई. माझी पोरगी शाळंत मास्तरीण हाय. सोमवारी पोलीस आलं तर ती वर्गात कशी उभी ऱ्हाईल? पोरं म्हनतील, बाईंचा बाप चोर.”

मला लाज वाटली. सकाळच्या त्या चहाची लाज वाटली. ज्या कागदावर त्यांचं नावसुद्धा नव्हतं, त्या कागदाने या माणसाला चोर ठरवलं होतं आणि खाली सही माझी होती.

टिळेसर म्हणाले, “फॉर्म भरल्याशिवाय सॅम्पल घेता येत नाही. आणि पार्टी फाउंड्री आहे, मिस्त्री नाही.” टिळेसर वाईट नव्हते. फक्त फॉर्मच्या बाहेर त्यांना जग दिसायचं नाही.

“सर, मग पार्टीच्या जागी माझं नाव घाला.”

“तुमचं काय सॅम्पल?”

“साय,” मी म्हटलं.

ढेकूळ ॲसिडात उकळून विरघळवलं. ब्युरेटच्या काचनळीतून द्रावण थेंब थेंब सोडत बसले. ही तपासणी फार सोपी असते. रंग गुलाबी असतो, तो एका थेंबाला जातो, तिथे थांबायचं आणि ब्युरेटवरचा आकडा वाचायचा; जितकं जास्त सोडावं लागेल तितकं अँटिमनी जास्त. रंग जाईचना. मला वाटलं मीच चुकले. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. शंभरात चाळीसच्या वर अँटिमनी निघालं, आणि उरलेल्यात कथीलही भरपूर.

म्हणजे कारखान्याचा सगळ्यात महागडा माल कारखान्याच्याच मळाच्या ड्रममध्ये पडत होता. साय काढून फेकायची आणि दूध पातळ निघालं म्हणून गवळ्याला धरायचं, असा तो कारभार.

रविवारी मी नानांच्या घरी गेले. नाना पूजेतून उठून आले. मी आकडे सांगितले. नानांना आकडे कळले नाहीत, पण जावयाचं नाव आलं की माणूस सावधपणे ऐकतो.

“पोलिसांकडे उद्या दुपारी जा,” मी म्हटलं. “सकाळी मला एकदा तुमची कढई बघू द्या. आणि मिस्त्री पाहिजेत.”

“त्याला गेटच्या आत घ्यायचा नाही असं जावईबापूंनी...”

“कढई त्यांना माहिती आहे, नाना. मी बाटलीतली केमिस्ट.”

सोमवारी नऊ वाजता आम्ही भट्टीपाशी उभे होतो. नाना, जावईसाहेब, मी आणि चार पावलं मागे मिस्त्री. भिंतीवर ‘स्वच्छता हीच शिस्त’ अशी पाटी. शेजारी नवाकोरा तापमापक आणि पुठ्ठ्यावर लाल अक्षरात आकडा: २८०. बिस्किटं भाजावीत इतकी ती भट्टी स्वच्छ होती.

“हे दोनशे ऐंशी कुठून आलं?” मी विचारलं.

“पुस्तकातून,” जावईसाहेब म्हणाले. “हे मिश्रण दोनशे चाळीसला वितळायला लागतं. मी चाळीस डिग्रीचं मार्जिन दिलंय. हे लोक पूर्वी उगाच पावणेचारशेपर्यंत न्यायचे. तेही अंदाजाने! कागद बुडवून बघायचे. कागद! भट्टीत!”

“वितळायला लागतं आणि वितळून होतं, यात फरक आहे, साहेब. थंडीत तुपाची बरणी बघितलीय ना? वर पातळ दिसतं, आत रवा असतो. तूप वितळलंय म्हणून रवा जात नाही.”

“मग?”

“मग इथे दोनशे ऐंशीला शिसं पातळ होतं. पण अँटिमनी आणि कथील मिळून बारीक खडे धरतात. अँटिमनी शिशापेक्षा कितीतरी हलकं. ते खडे वर तरंगतात. राखाडी लापशी दिसते. तुम्हाला तो मळ वाटला.”

“मळच आहे तो.” त्यांनी पळी उचलली आणि वरची लापशी स्वतःच्या हाताने काढून दाखवली. खाली धातू लखलखला. “बघा. आरसा!”

“आणि पळीत?”

“कचरा.”

मी मिस्त्रींना म्हटलं, “तुमच्या पद्धतीने करा.”

मिस्त्रींनी नानांकडे पाहिलं. नानांनी मान हलवली. मिस्त्री पुढे झाले, जावईसाहेबांच्या हातातून पळी घेतली आणि तो कचरा परत कढईत ओतला. जावईसाहेब ‘अहो, अहो’ करेपर्यंत त्यांनी हवेची झडप उघडली आणि कोळसा सारला. तापमापकाचा काटा वर निघाला. तीनशे, तीनशे वीस. मिस्त्री तिकडे बघतही नव्हते. त्यांनी जुन्या वर्तमानपत्राची पट्टी घडी करून धातूत बुडवली, पाच आकडे मोजले, काढली. पांढरी. आणखी थोड्या वेळाने पुन्हा. पिवळसर. तिसऱ्यांदा चहाच्या रंगाची झाली.

“आता झालं,” ते म्हणाले. “कागुद पेटला आसता तर जास्त झालं आसतं.”

काटा तीनशे साठच्या जरा पुढे होता. पुस्तकातही साधारण हेच दिलेलं असतं, फक्त पुढच्या पानावर.

मग लांब दांड्याने त्यांनी तळापासून ढवळलं. नाना वाकून बघत होते. लापशी बघता बघता विरली. वर राहिली ती चिमूटभर राखेसारखी पूड.

“कुठे गेलं सगळं?” नानांनी विचारलं.

“जिथं ऱ्हायला पायजे तिथं,” मिस्त्री म्हणाले.

त्या धातूचे दहाबारा खिळे ओतले. मिस्त्रींनी मनमाडहून परत आलेला एक खिळा पकडीत धरून वाकवला. तो गपगुमान वाकला. मग नवा धरला. कट्‌कन तुटला, आणि तुटल्या जागी बारीक चमचमता दाणा दिसला. नानांनी दोन्ही तुकडे हातात घेतले. आयुष्यभर त्यांनी हा धंदा केला होता. एवढं कळायला त्यांना रिपोर्टची गरज नव्हती.

“अरविंदराव,” ते जावयाला म्हणाले, “आत्तापर्यंत काढलेला हा कचरा कुठाय?”

अंगणात एक ड्रम होता. नव्या नियमाला चार महिने झाले होते; तेवढा माल एका ड्रमात मावत नाही.

“विल्हेवाट लावली,” जावईसाहेब म्हणाले. “कारखान्यात घाण साठू द्यायची नाही, असं धोरण आहे.”

घाण उचलायचे भंगारवाले इस्माईलभाई. नानांनी त्यांना बोलावणं धाडलं. ते सायकल टेकवून आत आले, परिस्थिती पाहिली आणि काहीच लपवलं नाही.

“नानासाब, पहिल्याच ड्रमाला मी विचारलं होतं. साहेब, हा मळ नाही, माल आहे, नक्की द्यायचा ना? साहेब म्हणाले, बडबड नको, लवकर उचला, वास येतो. माझ्याकडे सगळे गेटपास आहेत. साहेबांच्या सहीशिवाय इथून खिळापण बाहेर जात नाही, हे तर तुम्हाला माहितीच आहे.”

खरंच होतं. शिस्त म्हणून प्रत्येक गेटपासवर जावईसाहेब स्वतः सही करत. अख्ख्या नाशकात धातूचं शास्त्र नीट कळलेला माणूस त्या दिवशी सायकलवर आला होता आणि त्याच्याकडे कुठलंच सर्टिफिकेट नव्हतं.

नानांनी घसा साफ केला. “चला, मिस्त्री. झालं ते झालं. गैरसमज होतात माणसांचे. लागा कामाला.”

मिस्त्री जागचे हलले नाहीत.

“नाना, माझा डबा गेटावर उघडला. आठ दिस, सगळ्यांच्या म्होरं. चोर हाय आसं बाईंच्या कागदावर ठरलं. आता नाय म्हनून बी बाईंच्याच कागदावर लिवा. आन त्यो गेटावरच वाचा.”

नाना माझ्याकडे बघू लागले. मी आमचा फॉर्म पर्समधून काढला. टिळेसरांचे फॉर्म आयुष्यात एकदाच वेळेवर उपयोगी पडले. ‘रिमार्क्स’च्या रकान्यात लिहिलं की जे अँटिमनी कमी भरलं ते कढईवरून काढलेल्या मळात सापडलं आहे, मळ तयार होण्याचं कारण ठरवून दिलेलं कमी तापमान आहे, आणि हा मळ कारखान्याबाहेर गेला तो फक्त वर्क्स मॅनेजरच्या सहीच्या गेटपासवर. आमचे रिपोर्ट इंग्रजीत असत, म्हणून तेही इंग्रजीतच लिहिलं.

जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. सगळी माणसं गेटापाशी जमली, वीसपंचवीस असतील. वाचायचं कुणी? नाना म्हणाले, “अरविंदराव, वाचा.” ते त्यांनी मुद्दाम केलं की सवयीने, मला अजून ठरवता आलेलं नाही.

जावईसाहेबांनी वाचलं. घाईघाईने, फाडफाड इंग्रजीत, आणि कागदाची घडी केली. माणसांनी माना हलवल्या. कुणाला काही कळलं नव्हतं.

मिस्त्री म्हणाले, “आता मराठीत.”

जावईसाहेबांनी घडी उलगडली. तापमानापर्यंत ठीक गेलं. मग ते म्हणाले, “...आणि हा मळ व्यवस्थापनाच्या परवानगीने बाहेर गेला.”

“मी व्यवस्थापन असं लिहिलेलं नाही,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जर लोखंड असते तर वितळले असते. “वर्क्स मॅनेजर यांच्या सहीच्या गेटपासवर बाहेर गेला.”

“म्हंजी कोन?” मिस्त्रींनी विचारलं. आवाज अगदी साधा. जणू खरंच माहीत नव्हतं.

रस्त्यावरून एक टांगा गेला.

“मी,” जावईसाहेब म्हणाले.

मिस्त्रींनी कागद त्यांच्या हातातून घेतला. पोरीला दाखवायला. मग आत गेले, कारण धातू थंड होत होता.

जावईसाहेब पुढे सेल्सला गेले. तिथे शुद्धतेवर उत्तम बोलायचे, असं ऐकलं. मनमाडला नवी पेटी गेली, तक्रार परत आली नाही. डबे उघडायचं बंद झालं. मिस्त्रींची माफी मात्र कुणी मागितली नाही. तेवढी पद्धत कारखान्यात नसते.

मी आमच्या फॉर्ममध्ये दोन रकाने वाढवून घेतले. सॅम्पल कुणी आणि कुठून काढलं, हा पहिला. तिथे काय काय फेकून देता, हा दुसरा. टिळेसर म्हणाले, दुसरा अशास्त्रीय आहे. मी रिटायर होईपर्यंत तो राहिला. त्यात लोक बहुतेक वेळा लिहायचे, ‘काही नाही’. तसं लिहिलेलं दिसलं की मी पर्स उचलून त्यांच्या अंगणातले ड्रम बघायला जायचे.